ड्राय रीसलिंग आणि तिच्या जोडीचं जेवण

वाइनवरच्या इंग्रजी पुस्तकांत भारतीय जेवणाचा विषय बहुधा अर्ध्या पानात आटोपतो आणि त्या अर्ध्या पानातलं उत्तर ठरलेलं असतं: जर्मन रीसलिंग प्या. हाच सल्ला पुढे हॉटेलांच्या वाइन-कार्डांवर आणि रविवारच्या पुरवण्यांत उतरला आहे. रीसलिंग कोणती, लिटरमागे ४० ग्रॅम साखर उरलेली की दोनच ग्रॅम, हे तो देणारा सांगत नाही. भारतीय जेवण म्हणजे कोल्हापूरचा तांबडा रस्सा की अळूचं फदफदं, हेही सांगत नाही. दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या की कुठलंही उत्तर बरोबरच ठरतं. या लेखात मी एक बाजू पक्की धरणार आहे. जर्मनीची ड्राय रीसलिंग, म्हणजे ज्या बाटलीवर ‘ट्रॉकन’ लिहिलेलं असतं ती. तिच्यासोबत काय खावं याबद्दल त्या-त्या प्रांतातले लोक काय करतात, वाइनच्या धंद्यातले काय सांगतात आणि चवीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ काय म्हणतात, हे एकत्र पाहिलं तर चित्र बरंच स्पष्ट होतं. आणि ते त्या अर्ध्या पानातल्या सल्ल्याशी फारसं जुळत नाही.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. जवळजवळ सगळी साखर संपली की वाइन ड्राय झाली. युरोपीय नियमानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय ठरते. पण त्याच नियमात एक सवलत आहे आणि रीसलिंगसाठी ती फार मोलाची आहे. साखर ९ ग्रॅमपर्यंत चालते, मात्र ती आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त असता कामा नये. रीसलिंगमध्ये लिटरमागे सात-आठ ग्रॅम आम्ल सहज सापडतं. त्यामुळे आठ ग्रॅम साखरेची रीसलिंगही जिभेला ड्रायच लागते, फक्त कडा किंचित गोलसर वाटतात. याच्या पुढच्या पायरीवर ‘हाल्बट्रॉकन’ येते. ‘फाइनहेर्ब’ असंही काही बाटल्यांवर लिहितात, पण त्याला कायद्यात व्याख्या नाही. पिकवणाऱ्याच्या मनाला जी अर्धवट गोड वाटेल ती फाइनहेर्ब.

या वाइनला ओकच्या नव्या पिंपाचा वास सहसा देत नाहीत. ती स्टीलच्या टाकीत किंवा जुन्या, वास संपलेल्या मोठ्या लाकडी पिंपांत आंबते. मोझेलच्या खोऱ्यात अशा पिंपाला फूडर म्हणतात आणि त्यात हजार लिटर मावतं. लोण्यासारखा मऊपणा आणणारी दुसरी, जिवाणूंची आंबवण बहुतेक जण टाळतात, त्यामुळे मॅलिक आम्ल तसंच शिल्लक राहतं. लिंबू, हिरवं सफरचंद, पीच, आणि मागे रेंगाळणारी खारटसर धार. टॅनिन जवळजवळ नाही, अल्कोहोल साधारण १२ ते १३ टक्के. पुढची सगळी चर्चा या तीन-चार गोष्टींभोवतीच फिरते.

जर्मन वाइन म्हणजे गोड वाइन हा समज आपल्याकडेच नाही, जगभर आहे. तो जुना वाटतो, पण तसा अलीकडचा आहे. रीसलिंगची पहिली लेखी नोंद १४३५ सालची. राइन आणि माइन नद्यांच्या संगमाजवळच्या रुसेल्सहाइममध्ये काउंट काट्सेनएल्नबोगेनच्या हिशेबात या वेलींची खरेदी लिहिलेली आहे. तेव्हापासून पुढची चारपाच शतकं आंबवण मध्येच थांबवायचं खात्रीचं साधन नव्हतं. एखाद्या असामान्य वर्षी द्राक्षं वेलीवरच सुकून इतकी गोड होत की यीस्टच थकून जाई. एरवी पिंपात जे तयार होई ते बरंचसं ड्रायच असे. एकोणिसाव्या शतकात राइनच्या ज्या वाइनला बोर्दोच्या नामांकित वाइनइतका, कधी त्याहून चढा भाव मिळत होता, तीही मुख्यतः जेवणाच्या टेबलावरचीच होती.

विसाव्या शतकात यीस्ट पूर्णपणे गाळून काढणाऱ्या बारीक गाळण्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या सर्रास वापरल्या जाऊ लागल्या आणि हवी तेवढी साखर ठेवून बाटली भरणं सोपं झालं. गोड रस वेगळा राखून शेवटी वाइनमध्ये मिसळायची पद्धतही रूढ झाली. युद्धकाळात साखरेला मुकलेल्या लोकांना ती चव आवडली. मग १९७१चा वाइन कायदा आला. त्यानं दर्जा ठरवला तो द्राक्षातल्या साखरेवर: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा चढत्या पायऱ्या. मळा कुठला, उतार कसा, जमीन कसली, याला त्या पायऱ्यांत स्थानच नव्हतं. निर्यातीच्या बाजारात लीबफ्राउमिल्शच्या स्वस्त, गोडसर बाटल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा म्युलर-थुर्गाऊ या भरघोस पिकणाऱ्या द्राक्षाच्या होत्या, रीसलिंगचा त्यात नावापुरता अंश. जर्मन वाइनचं परदेशातलं नाव या बाटल्यांनी बुडवलं, असं माझं मत आहे. ते नाव अजून पूर्ण वर आलेलं नाही.

देशात मात्र उलट लाट सुरू झाली. सत्तरच्या दशकाअखेरीपासून जर्मन ग्राहक ट्रॉकन मागू लागला. त्या काळच्या ट्रॉकन बाटल्यांबद्दल जुने लोक फारसं प्रेमानं बोलत नाहीत. हवामान थंड, द्राक्षं अर्धीकच्ची, आणि साखरेचं पांघरूण काढल्यावर उघडं पडलेलं करकरीत आम्ल. जेवणासोबत ती चालायची, नुसती पिणं ही शिक्षाच.

ड्राय रीसलिंगचा जेवणाशी थेट संबंध जोडणारी घटना राइनगाउमध्ये घडली. १९८४ साली तिथल्या काही मळेवाल्यांनी ‘कार्टा’ नावाची संघटना काढली. र्‍युडेसहाइमचे बर्नहार्ड ब्रॉयर आणि श्लॉस फोलराड्सचे काउंट एर्वाइन माटुश्का-ग्राइफेनक्लाउ हे त्यातले पुढारी. त्यांचा दावा साधा होता: चांगल्या मळ्यातली, चवीला ड्राय असणारी रीसलिंग ही जेवणाची वाइन आहे. तो पटवण्यासाठी त्यांनी लेख लिहिण्यापेक्षा मेजवान्या दिल्या. एकामागून एक पदार्थ वाढायचे आणि प्रत्येकासोबत वेगळी रीसलिंग. वाइनचा दर्जा ताटाजवळ सिद्ध करायची ही रीत मला फार आवडते. प्रयोगशाळेतलं साखरेचं माप ज्या कायद्यानं प्रमाण मानलं होतं, त्याला दिलेलं ते चवदार उत्तर होतं.

पुढे फाउडेपे या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मळेवाल्यांच्या संघानं हाच धागा देशभर नेला. संघ १९१० सालचा, बाटलीच्या गळ्यावर द्राक्षाचा घोस असलेला गरुड ही त्याची खूण. २००२ पासून सर्वोत्तम मळ्यांतल्या ड्राय वाइनला ‘ग्रोसेस गेवेक्स’ हे नाव मिळालं. बाटलीवर बहुधा ‘जीजी’ एवढीच अक्षरं असतात. तापमानवाढीनं इथे एक विचित्र मदत केली. पूर्वी जिथे रीसलिंग दहा वर्षांत तीन-चारदा नीट पिकायची, तिथे आता ती जवळपास दरवर्षी पिकते. आज जर्मनीत तयार होणाऱ्या दर्जेदार वाइनपैकी सुमारे निम्मी ट्रॉकन असते. म्हणजे परदेशी ग्राहक ज्या देशाला गोड वाइनचा देश समजतो, तो देश स्वतः ड्राय पितो.

पितो, आणि त्यासोबत काय खातो? उत्तर प्रांताप्रांतानं बदलतं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण फाल्ट्सचं. इथला मानाचा पदार्थ ‘झाउमागन’. डुकराच्या जठराच्या पिशवीत बटाट्याचे तुकडे, मांस, सॉसेजचा खिमा, मार्जोरम आणि जायफळ भरायचं, ती हलक्या आचेवर शिजवायची, मग जाड काप करून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे. सोबत आंबवलेली कोबी. चान्सेलर हेल्मुट कोल याच प्रांतातले. डाइडेसहाइम या वाइनच्या गावात परदेशी पाहुण्यांना नेऊन ते हा पदार्थ खाऊ घालत. १९८९ साली मार्गारेट थॅचर त्या टेबलावर बसल्या होत्या. नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यानं आपल्याकडची वजडी आठवावी आणि गप्प बसावं. मजा म्हणजे जवळच्या कालश्टाट गावात झाउमागन याच नावाचा एक मळाही आहे. चुनखडीच्या जमिनीचा तो मळा ड्राय रीसलिंगसाठी प्रसिद्ध आहे. मांस चरबीचं, बटाटा पिठूळ, कोबी आंबट, काप खारट आणि करपलेल्या कडांचा. या सगळ्याला पुरून उरेल अशी पांढरी वाइन फार थोडी आहे. फाल्ट्सची रीसलिंग पुरते, कारण इथलं हवामान उबदार आणि वाइन अंगानं भरलेली.

याच प्रांतात उन्हाळ्यात रीसलिंगमध्ये सोडा घालून अर्ध्या लिटरच्या खळगेदार ग्लासातून पितात. त्याला शोर्ले म्हणतात. बाड ड्युर्कहाइमच्या सप्टेंबरातल्या जत्रेत भाजलेल्या सॉसेजसोबत हेच चालतं. वाइनच्या पंडितांना हे पाहवत नाही. मला वाटतं, वाइन आणि अन्न यांचं नातं समजायला शोर्लेइतका चांगला धडा नाही: आंबट, थंड, हलकं, आणि तोंडातलं तूप-मीठ धुऊन पुढच्या घासाला जागा करणारं.

राइनगाउ आणि माइन्सच्या बाजूला वाइनसोबत चीज येतं, पण फ्रेंच पद्धतीचं नाही. ‘श्पुंडेकेझ’ म्हणजे मऊ ताजं चीज, कांदा आणि पाप्रिका घोटून केलेला गोळा. तो खारट ब्रेत्सेलच्या तुकड्यानं उचलून खायचा. फ्रांकफुर्टमध्ये सात हिरव्या पाल्यांचा थंड सॉस उकडलेल्या अंड्या-बटाट्यांवर घालतात. तिथला माणूस त्यासोबत सफरचंदाची आंबट वाइन पिईल, पण ड्राय रीसलिंगही तितकीच जमते. पाला, अंडं आणि दही-साय हे ओकच्या वासाच्या शार्दोनेला झेपत नाही.

मोझेलचा चेहरा वेगळा. पाटीच्या काळ्या-निळ्या दगडाचे उभे उतार. ब्रेमच्या कालमोंट मळ्याचा चढ तर ६५ अंशांच्या आसपास जातो आणि तिथे आजही बहुतेक काम हातानं चालतं. इथली ड्राय रीसलिंग सडपातळ, अल्कोहोलनं कमी, आम्लानं धारदार. तिच्या जोडीला नदीकाठचं खाणं: लोण्यात परतलेली ट्राउट, किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत थापे. याच नदीवर अर्धगोड रीसलिंगही जगात सर्वोत्तम होते, त्यामुळे ‘मोझेल’ एवढंच पाहून बाटली उचलणारा फसतो.

फ्रांकन प्रांतात मात्र रीसलिंगला मागे सारून सिल्वानर हे द्राक्ष पुढे बसतं. चपट्या, पोटाच्या बाटलीत येणारी, मातकट, शांत, कमी आम्लाची ड्राय वाइन. वसंतात सगळा जर्मनी पांढऱ्या अ‍ॅस्पॅरॅगसच्या मागे वेडा होतो. हंगाम २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी संपतो. अ‍ॅस्पॅरॅगसचा किंचित कडवटपणा आणि त्यावरचा लोण्या-अंड्याचा सॉस यांच्यासोबत धारदार रीसलिंग भांडते, सिल्वानर जुळवून घेते. ‘ड्राय जर्मन व्हाइट’ म्हटलं की रीसलिंगच डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी, मीही त्यातलाच, ही एक जागा सोडून द्यावी.

आता शास्त्राकडे. वाइनच्या धंद्यात सर्रास ऐकू येतं की आम्ल ‘चरबी कापतं’. आम्लानं लाळ सुटते आणि तोंड हलकं वाटतं, इतकं खरं. पण ज्या प्रयोगाचा दाखला याबाबत दिला जातो, तो २०१२ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांचा. त्यांनी लोकांना खारवलेल्या मांसासोबत द्राक्षबियांचा अर्क आणि चहा यांसारखी तुरट पेयं घोटघोट पाजली आणि तोंडातला तेलकटपणा कमी होताना पाहिला. तो परिणाम तुरटपणाचा होता. रीसलिंगमध्ये तुरटपणा नगण्य, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवता येत नाही. मिठाबद्दल मात्र पाया भक्कम आहे. सोडियम कडवटपणा दाबतं आणि त्याखाली लपलेली बाकीची चव वर येते, हे १९९७ साली त्याच केंद्रातून नेचरमध्ये प्रसिद्ध झालं. खारट पदार्थासोबत ड्राय रीसलिंगमधलं फळ अचानक उजळतं, ते बहुधा यामुळेच.

माशाबद्दल एक नेमकी गोष्ट कळलेली आहे. जपानच्या मर्सियन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की समुद्री खाण्यासोबत वाइन प्यायल्यावर जो हिवळ वास तोंडात राहतो, त्यामागे वाइनमधलं लोह असतं. लाल वाइनमध्ये ते सहसा जास्त, म्हणून ‘माशासोबत पांढरी’ ही जुनी रीत बऱ्याच अंशी बरोबर निघाली. पांढऱ्या वाइनमध्येही लोहाचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं, हे ध्यानात ठेवायचं.

आणि तिखट. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चेतवतं, तोच उष्णतेची जाणीवही देतो. २००२ साली एका अभ्यासात दिसलं की अल्कोहोलनं हा ग्राही अधिक हळवा होतो. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास जागा होतो, अल्कोहोलच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या आसपासच. म्हणजे शरीराचं तापमानसुद्धा त्याला पुरतं. याउलट साखर मिरचीचा दाह काहीसा शमवते. गणित मांडून पाहा. मोझेलची ८ टक्के अल्कोहोलची, भरपूर साखरेची काबिनेट तिखटाला आवरते. साडेतेरा टक्क्यांची जीजी, साखर दोन ग्रॅम, तिखटावर तेल ओतते. इंग्रजी पुस्तकांतला सल्ला पहिल्या बाटलीबद्दल खरा आहे, दुसरीबद्दल साफ खोटा. पण दोन्हींवर नाव ‘रीसलिंग’ असंच.

तिखटाइतकाच महत्त्वाचा नियम आंबटाचा आहे आणि त्याबद्दल वाइनवाल्यांत दुर्मीळ एकमत आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. रीसलिंग या कसोटीवर बहुतेक पांढऱ्या वाइनच्या वर टिकते. म्हणूनच आंबवलेली कोबी, व्हिनेगरमधला हेरिंग, लिंबू पिळलेला श्नित्सेल तिला झेपतो. गोडाचं तसंच: पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की ड्राय वाइन उगाच आंबट होऊन बसते.

हे तीन नियम हातात घेऊन आपल्या ताटाकडे पाहिलं की बरंच काही आपोआप गळतं. तांबडा रस्सा गेला, मालवणी मटण गेलं, गोव्याची विंदालू तर दोन कारणांनी गेली. चिंच-गुळाची आमटी आणि पुरणपोळी गेली. सोलकढी स्वतःच इतकी आंबट आणि इतकी पूर्ण आहे की तिच्याशेजारी वाइनची बाटली उघडणं हा सोलकढीचा अपमान. पण उरतं ते थोडं नाही. रव्यात घोळून तळलेले बोंबील, वर मीठ आणि हवं तर दोन थेंब लिंबू: कुरकुरीत, खारट, आत मऊ, तिखट माफक. मला तरी ड्राय रीसलिंगला याहून चांगला मराठी सोबती सुचत नाही. सुरमईचे तुकडे मसाला हात राखून लावला तर. कोथिंबीर वडी, फ्रांकफुर्टच्या हिरव्या सॉसची आठवण करून देणारी. साबुदाणा वडा, दह्याच्या चटणीत साखर नसेल तर. अळूवडीत चिंच-गूळ असल्यामुळे ती ड्रायपेक्षा फाइनहेर्बच्या बाजूला झुकते. नारळाच्या दुधातलं, हळद-आल्याचं, हिरवी मिरची नावापुरती असलेलं माशाचं कालवण फाल्ट्सच्या भरदार बाटलीला चालतं. ही यादी बरीचशी तळणीची दिसते, तर तशीच आहे. जर्मनीतल्या मराठी घरांत दिवाळी-गणपतीला पाहुण्यांसमोर रीसलिंग येते तेव्हा तिला जेवणाआधी, गरम वड्या-भज्यांबरोबर द्यावं, पंगतीत नाही.

बाटली मिळण्याचं काय? भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयातशुल्क राहिलं, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे जर्मनीत जी बाटली रोजच्या जेवणाची, ती इथे समारंभाची झाली. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. स्टुटगार्टच्या शहरहद्दीत, अगदी वस्तीला लागून, द्राक्षांचे उतार आहेत आणि रीसलिंग तिथलं महत्त्वाचं पांढरं द्राक्ष. या नात्यातून मुंबईत त्या भागातल्या वाइनचा महोत्सवही भरत आला आहे. नाशिकमध्ये सुला या वाइन कंपनीनं रीसलिंग करून पाहिली. पण या द्राक्षाला लांबलचक, थंड शरद ऋतू लागतो. आपल्याकडे काढणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, ऊन चढत असताना. उष्णतेत आम्ल झपाट्यानं उतरतं, आणि आम्ल गेलं की रीसलिंगमध्ये बघण्यासारखं फार उरत नाही. नाशिकची रीसलिंग प्यावी, पण तिच्यावरून जर्मन ड्राय रीसलिंगचं मत बनवू नये.

विकत घेताना ‘ट्रॉकन’ शब्द शोधावा. तो नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहावा: १२ टक्के किंवा वर असेल तर बहुधा ड्राय, ८-९ असेल तर नक्की गोड. तळणीसोबत साधी ‘गुट्सवाइन’, म्हणजे मळेवाल्याची पहिल्या पायरीची बाटली, पुरेशी आहे. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी, दहा-बारा अंशांना प्यावी. बर्फगार रीसलिंगमध्ये फक्त आंबटपणा कळतो.

महागड्या जीजीबद्दल मात्र एक वाद शिल्लक आहे. द्राक्षं काढल्याच्या पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला त्या बाजारात येतात आणि मोठ्या हॉटेलांत लगेच उघडल्या जातात. कोवळ्या वयात त्या बंद, ताठ आणि जेवणावर वरचढ असतात. आठ-दहा वर्षं ठेवल्या तर आम्ल तेवढंच राहूनही मऊ भासतं आणि मध, सुका जर्दाळू, केरोसीनसारखा वास वर येतो. त्या वासामागच्या रेणूचं संक्षिप्त नाव टीडीएन. उन्हात तापलेल्या द्राक्षांत तो जास्त तयार होतो, त्यामुळे गरम होत चाललेल्या वर्षांत तो लवकर दिसू लागला आहे. काहींना तो दोष वाटतो, मला कमी प्रमाणात हवासा वाटतो. पण अशा म्हाताऱ्या बाटलीसोबत तळलेले बोंबील काढू नयेत. तिला लोण्यात परतलेले मशरूम, भाजलेली कोंबडी किंवा डुकराच्या मांसाचा मंद आचेवर शिजलेला तुकडा द्यावा. कोथिंबीर वडीला दोन वर्षांची साधी बाटलीच बरी.